भारतीय भयपट व विज्ञानपटांतील शास्त्रज्ञ

भयपट व विज्ञानपट या दोन्ही चित्रपटप्रकारांत शास्त्रज्ञ हे एक प्रस्थापित पात्र आहे. पाश्चात्त्य चित्रपटांत ते बहुधा कथेच्या केंद्रस्थानी असते. हिंदी व मराठी चित्रपटांत मात्र ते बऱ्याचदा कथेच्या कडेला आढळते: नायकाचा दिवंगत पिता, उपयुक्त यंत्र हाती देणारा वृद्ध प्राध्यापक, किंवा मांत्रिकापुढे निष्प्रभ ठरणारा डॉक्टर. मराठी विज्ञानकथेने शास्त्रज्ञाला मध्यवर्ती स्थान दिले असले, तरी त्या साहित्यातील फार थोडा भाग पडद्यावर आला. जयंत नारळीकर यांच्या ‘धूमकेतू’ या कथेवरील १९८५ सालचा चित्रपट हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

पार्श्वभूमी

या पात्राचे मूळ मेरी शेली यांच्या ‘फ्रँकेनस्टाइन’ (१८१८) या कादंबरीत शोधले जाते. जेम्स व्हेल यांच्या १९३१ च्या चित्रपटात कॉलिन क्लाइव्ह यांनी हेन्री फ्रँकेनस्टाइनची भूमिका केली. (कादंबरीत त्याचे नाव व्हिक्टर आहे. सामान्य बोलण्यात हे नाव त्याने घडवलेल्या राक्षसाला चिकटले आहे.) त्यापूर्वीच ‘मेट्रोपोलिस’ (१९२७) या जर्मन मूकपटात यंत्रमानव घडवणारा रोटवांग आला होता, तर १९३३ च्या ‘द इन्व्हिजिबल मॅन’मध्ये क्लॉड रेन्स यांनी अदृश्य होण्याच्या द्रव्याने भ्रमिष्ट झालेला ग्रिफिन साकारला. ज्ञानाची मर्यादा ओलांडणारा आणि त्याची किंमत मोजणारा संशोधक हा साचा येथून रूढ झाला.

जपानी ‘गोजिरा’ (१९५४) या चित्रपटातील डॉ. सेरिझावा हे या साच्याला दिलेले सर्वांत गंभीर उत्तर मानता येईल. अण्वस्त्रांच्या चाचण्यांमुळे जागा झालेला राक्षस सेरिझावाच्या शोधामुळेच नष्ट होऊ शकतो; परंतु तो शोध पुढे शस्त्र म्हणून वापरला जाईल, ही भीती त्याला आहे. म्हणून तो आपली टिपणे जाळतो आणि राक्षसाबरोबर समुद्रतळाशी स्वतःही मरण पत्करतो. ‘बॅक टू द फ्यूचर’ (१९८५) मधील डॉक ब्राउन आणि ‘जुरासिक पार्क’ (१९९३) मधील इयान माल्कम ही याच परंपरेतील अलीकडची लोकप्रिय पात्रे होत. पहिला विक्षिप्त पण प्रेमळ, तर दुसरा इतरांच्या अतिआत्मविश्वासावर बोट ठेवणारा गणिती आहे.

हिंदी चित्रपट: पित्याचा वारसा

हिंदी चित्रपटाने अदृश्य मानवाची कल्पना लवकर उचलली. नानाभाई भट्ट यांच्या ‘मिस्टर एक्स’ (१९५७) मध्ये अशोक कुमार, तर ‘मिस्टर एक्स इन बॉम्बे’ (१९६४) मध्ये किशोर कुमार हे अदृश्य होणारे नायक होते. ग्रिफिनप्रमाणे त्यांचा ऱ्हास होत नाही. येथे अदृश्यता हा शाप नसून नायकाची सोय आहे.

शेखर कपूर दिग्दर्शित ‘मिस्टर इंडिया’ (१९८७) मध्ये हा बदल पूर्णत्वास गेला. मनगटावर बांधायचे अदृश्यतेचे यंत्र नायक अरुण वर्माचे वडील, शास्त्रज्ञ जगदीश वर्मा यांनी तयार केलेले असते. परंतु कथा सुरू होते तेव्हा ते हयात नसतात. यंत्राचे रहस्य अरुणपर्यंत पोहोचवणारे प्रोफेसर सिन्हा हे पात्र अशोक कुमार यांनीच केले. तीस वर्षांपूर्वीचा अदृश्य मानव आता ते गुपित पुढच्या पिढीच्या हाती देत होता. लाल प्रकाशात अदृश्य व्यक्ती दिसते, ही त्रुटी हा या यंत्राचा सर्वांत संस्मरणीय भाग आहे. ती का निर्माण होते, याचे स्पष्टीकरण देण्याच्या भरीस चित्रपट पडत नाही.

‘कोई... मिल गया’ (२००३) मध्ये हीच रचना पुन्हा दिसते. संगणकाच्या साहाय्याने अंतराळात ध्वनिसंकेत पाठवणारे संजय मेहरा (राकेश रोशन) सहकाऱ्यांच्या उपहासाचे धनी होतात आणि चित्रपटाच्या आरंभीच अपघातात मरण पावतात. त्यांचा संगणक पुढे मुलाच्या हाती येतो. पुढील ‘क्रिश’ (२००६) मध्ये भविष्य दाखवणारे यंत्र बनवून घेणारा डॉ. सिद्धांत आर्य (नसीरुद्दीन शाह) हा खलनायक आहे. चांगला शास्त्रज्ञ मृत आणि जिवंत शास्त्रज्ञ दुष्ट, अशी विभागणी या मालिकेच्या पहिल्या दोन भागांत ढोबळपणे दिसते.

दक्षिण भारतीय चित्रपटांनी शास्त्रज्ञाला तुलनेने अधिक वाव दिला. सिंगीतम श्रीनिवास राव यांच्या ‘आदित्य ३६९’ (१९९१) या तेलुगू चित्रपटात टिनू आनंद यांनी कालयंत्र बनवणारे प्राध्यापक रामदास साकारले. शंकर यांच्या ‘एंथिरन’ (२०१०, हिंदीत ‘रोबोट’) या तमिळ चित्रपटात रजनीकांत यांनी डॉ. वसीगरन आणि त्याने घडवलेला यंत्रमानव चिट्टी अशा दोन्ही भूमिका केल्या. गुरू डॉ. बोहरा (डॅनी डेन्झोंग्पा) शिष्याच्या यंत्राला मान्यता नाकारतो आणि नंतर त्यात संहारक चिप बसवतो. प्रयोगशाळेतील मत्सर, मान्यतेची प्रक्रिया आणि लष्करी उपयोगाचा हेतू या गोष्टी येथे कथेचा भाग होतात. व्यवसाय म्हणून विज्ञान कसे चालते, याची जाणीव असलेला हा मोजक्या भारतीय चित्रपटांपैकी एक होय.

भयपट: डॉक्टर आणि मांत्रिक

भारतीय भयपटात संकटाचे ज्ञान असलेला माणूस म्हणजे सहसा मांत्रिक असतो. रॅमसे बंधूंचा ‘दहशत’ (१९८१) हा अपवाद आहे. त्यात ओम शिवपुरी यांनी प्रयोगांनी झपाटलेला डॉ. विशाल साकारला होता. एरवी वैद्यकाचा प्रतिनिधी कथेत येतो तो हरण्यासाठी.

हा संघर्ष सर्वांत गांभीर्याने मांडणारा चित्रपट म्हणजे विकास देसाई व अरुणा राजे यांचा ‘गहराई’ (१९८०). त्याच्या लेखनात विजय तेंडुलकर यांचा सहभाग होता. मुलीला (पद्मिनी कोल्हापुरे) झपाटल्यासारखे झटके येऊ लागल्यावर बुद्धिवादी पिता चेन्नबसप्पा प्रथम डॉक्टरांकडे जातो. उपचार निष्फळ ठरतात आणि घरात मांत्रिकांचा प्रवेश होतो. पित्याची भूमिका डॉ. श्रीराम लागू यांनी केली. ते स्वतः कान-नाक-घसा तज्ज्ञ होते आणि ईश्वरकल्पनेलाही जाहीर विरोध करणारे विवेकवादी म्हणून महाराष्ट्रात परिचित होते. चित्रपट अतींद्रिय शक्तीला खरे मानून चालतो, त्यामुळे पित्याचा पराभव अटळ आहे. पण त्याचा नकार मूर्खपणाचा ठरवला जात नाही.

राम गोपाल वर्मा यांच्या ‘भूत’ (२००३) मध्ये हाच क्रम मुंबईतील उंच इमारतीत घडतो. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. राजन (व्हिक्टर बॅनर्जी) यांची जागा अखेर सरिता ही मांत्रिक स्त्री (रेखा) घेते. ‘भूल भुलैया’ (२००७) ने पारडे उलट फिरवले. फाजिल यांच्या ‘मणिचित्रताळ’ (१९९३) या मल्याळम चित्रपटावर आधारलेल्या या कथेत मानसोपचारतज्ज्ञ आदित्य श्रीवास्तव (अक्षय कुमार) भूतबाधेचे निदान मानसिक विकार असे करतो. मात्र उपचारासाठी तो मांत्रिक विधीचाच देखावा उभा करतो आणि त्यात विक्रम गोखले यांनी केलेल्या आचार्यांचे साहाय्य घेतो. विज्ञानाला विजय मिळतो, पण तो मंत्राच्या वेशात.

मराठी साहित्य आणि चित्रपट

मराठीत शास्त्रज्ञ हे पात्र प्रामुख्याने साहित्यात घडले. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठवली. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलट क्रमाने घेऊन हे नाव बनवले होते, आणि कथेला पहिले पारितोषिक मिळाले. त्यांच्या कथांतील संशोधक वेडे वा दुष्ट नसतात. ते शोधनिबंध लिहितात, परिषदांना जातात, शंका घेतात. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये मराठ्यांनी १७६१ ची लढाई जिंकलेल्या जगात इतिहासकार गंगाधरपंत जाऊन पोहोचतात, आणि या अनुभवाचा अर्थ लावण्याचे काम राजेंद्र देशपांडे हा वैज्ञानिक मित्र करतो. अकरावीच्या राष्ट्रीय इंग्रजी पाठ्यपुस्तकात ही कथा ‘द ॲडव्हेंचर’ या नावाने समाविष्ट आहे.

‘धूमकेतू’ या कथेचा नायक हौशी बंगाली आकाशनिरीक्षक दत्तदा आहे. त्याने शोधलेला धूमकेतू पृथ्वीवर आदळणार असल्याचे गणिताने दिसते. शास्त्रज्ञांचा आंतरराष्ट्रीय गट गुप्तपणे अण्वस्त्र वापरून त्याचा मार्ग बदलतो. दत्तदा घरी परततो तेव्हा पत्नीने धूमकेतूची पीडा टळावी म्हणून यज्ञ केलेला असतो आणि नातवालाही त्यात बसवलेले असते. पृथ्वी कशाने वाचली, हे दत्तदाला ठाऊक आहे. पण त्याच्या घरात त्याचे श्रेय यज्ञाला मिळते. ‘गहराई’तील पित्यासारखाच हा पुरुष स्वतःच्या घरात एकटा पडतो, फरक इतकाच की येथे तो बरोबर आहे. या कथेवर विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या सहभागाने सुमारे दोन तासांचा हिंदी चित्रपट तयार झाला. मूळ मराठी कथेला पडदा मिळाला तो हिंदीत, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

मराठी भयकथेचे प्रमुख लेखक नारायण धारप (१९२५–२००८) यांनी विज्ञानकथाही लिहिल्या, तथापि वाचकांच्या स्मरणात राहिला तो आध्यात्मिक सामर्थ्याने अरिष्टाचा सामना करणारा ‘समर्थ’. पडद्यावरही तेच घडले. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ (१९९३) मध्ये तात्या विंचू बाहुल्यात शिरतो तो बाबा चमत्कारकडून मिळवलेल्या मृत्युंजय मंत्राच्या बळावर.

सुजय डहाके यांच्या ‘फुंतरू’ (२०१६) मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालयाचा विद्यार्थी (मदन देवधर) आवडत्या मुलीची (केतकी माटेगावकर) आभासी त्रिमितीय प्रतिमा तयार करतो. विज्ञानपट म्हणवून घेणाऱ्या मोजक्या मराठी चित्रपटांत त्याची गणना होते.

ठाणे जिल्ह्यातील डोंबिवलीत घडणारा आदित्य सरपोतदार यांचा ‘झोंबिवली’ (२०२२) हा मराठीतील पहिला झोंबीपट म्हणून ओळखला जातो. झोंबीपटाच्या पाश्चात्त्य साच्यात संसर्गाचे कारण शोधणारा शास्त्रज्ञ ठरलेला असतो. येथे त्याच्या जागी नव्या गृहसंकुलात राहायला आलेला मध्यमवर्गीय अभियंता सुधीर (अमेय वाघ) आणि शेजारच्या वस्तीतील विश्वास (ललित प्रभाकर) आहेत. वस्ती व संकुल यांतील पाण्याचा तंटा हा कथेचा कणा असल्याने भीतीचे मूळ प्रयोगशाळेत नव्हे, तर नळात शोधावे लागते.