पालवणकर बाळू

पिंपरी-चिंचवडलगत गहुंजे येथील क्रीडांगणावर २०१२ सालापासून क्रिकेटचे आंतरराष्ट्रीय सामने होऊं लागले. तेथून जवळच, पुणें शहरांत, या खेळाच्या इतिहासांतील एक विलक्षण अध्याय सव्वाशेंहून अधिक वर्षांपूर्वीं सुरू झाला.

१८७६ सालीं एका चांभार कुटुंबांत जन्मलेले पालवणकर बाळू प्रथम पारशांच्या व पुढें, १८९२ च्या सुमारास, युरोपियनांच्या क्लबांत दरमहा चार रुपयांवर मैदान राखण्याचें काम करीत. साहेबांच्या सरावासाठीं ते डाव्या हातानें संथ चेंडू टाकीत. ग्रेग साहेबांस बाद केल्यास आठ आणे बक्षीस मिळे, अशी आख्यायिका आहे. पुढें पुण्याच्या हिंदूंनीं त्यांस आपल्या संघांत घेतलें. चहा मात्र पॅव्हिलियनच्या बाहेर, मातीच्या निराळ्या पेल्यांत! त्यांच्या हातचा चेंडू संघांतील प्रत्येकजण झेली. पण पंक्तीस त्यांच्याजवळ कोणी बसेना.

१९०६ सालीं मुंबईंत हिंदूंनीं युरोपियनांस १०९ धावांनीं हरविलें, त्यांत बाळूंचा वाटा मोठा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यांत त्यांनीं ११४ गडी बाद केले. तरीहि हिंदु संघाचें नायकपद त्यांच्याकडे रीतसर कधींच आलें नाहीं. तें १९२३ सालीं त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांस मिळालें.

गुणांचा उपयोग करून घेणें निराळें आणि गुणवंतास आपला मानणें निराळें. या दोहोंमधील अंतर काटावयास पालवणकर बंधूंस तीस वर्षें लागलीं.