एकच ज्वारी, दोन ताटं : बाभुळगाव, अमेरिका आणि 'मिलो'

'अमेरिकन खाद्यसंस्कृती आणि भारतीय खाद्यसंस्कृती : एक तुलनात्मक अभ्यास' असा विषय घेऊन तुम्ही पीएच.डी.च्या मुलाखतीला गेलात, तर समितीचा पहिला प्रश्न ठरलेला आहे : तुलना नेमकी कशाची कशाशी? 'ते बर्गर खातात, आपण भाकर खातो' हे उत्तर तिथे चालत नाही. दोन देश एवढे मोठे आहेत की प्रत्येक विधानाला दहा अपवाद निघतात.

मग काय करायचं? एक वस्तू धरायची आणि ती दोन्हीकडे कुठे कुठे जाते ते बघायचं. आज आपण ज्वारी धरू. आणि गाव घेऊ यवतमाळ जिल्ह्यातलं बाभुळगाव. धामणगाव-यवतमाळ रस्त्यावरचं, कापसाच्या पट्ट्यातलं हे तालुक्याचं ठिकाण. तुमचं गाव वेगळं असेल, पण पद्धत तीच.

धान्य एक, वापर दोन

ज्वारी मूळची आफ्रिकेतली. आपल्याकडे ती हजारो वर्षांपूर्वी आली, अमेरिकेत गुलाम करून नेलेल्या आफ्रिकन माणसांबरोबर पोचली. 'मिलो' नावाचा तिचा एक प्रकार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिकडच्या कोरड्या भागात रुजला. आजही कॅन्सस आणि टेक्सास ही तिथली ज्वारीची मोठी राज्यं. पण तिथे दाणा जातो मुख्यतः गुरांना, डुकरांना, कोंबड्यांना. माणसाच्या ताटात येतं ते मांस, वर्षाला माणशी शंभर किलोच्या आसपास. म्हणजे अमेरिकन माणूसही ज्वारी 'खातो', फक्त जनावरामार्फत. दक्षिणेकडच्या राज्यांत गोड ज्वारीच्या धाटांचा काकवीसारखा पाक करतात. तो अपवाद नोंदवून ठेवा.

आता वऱ्हाडातलं गणित बघा. इथे एकाच झाडाची वाटणी होती : दाणा माणसाला, कडबा बैलाला. ज्वारीची भाकर, कण्या, आंबील, हुरडा हे घरात, पेंड्या गोठ्यात. सालदाराच्या मोबदल्यातही ज्वारी असायची. म्हणून उंच ताट हा इथे वाणाचा गुण होता. अमेरिकेत उलट. कापणी-मळणी यंत्राने करायची, म्हणून बुटकी ज्वारी मुद्दाम तयार केली गेली. बघा, खाद्यसंस्कृतीचा फरक ताटात दिसायच्या आधी झाडाच्या उंचीत दिसतो.

लाल भाकरीची आठवण

या दोन व्यवस्था एकमेकींना भिडल्या त्या रेशनच्या दुकानात. अमेरिकेत शिल्लक धान्याचे ढीग साचले होते. १९५४ मध्ये तिथे 'पब्लिक लॉ ४८०' हा कायदा झाला आणि ऑगस्ट १९५६ मध्ये भारताने त्याखाली पहिला करार केला. १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षं पाऊस फसला. तेव्हा गव्हाच्या जोडीने लाल मिलोही आली. पुढे १९७२ च्या दुष्काळात ती पुन्हा आली.

महाराष्ट्रात साठी-सत्तरीच्या पुढच्या माणसांपुढे नुसतं 'मिलो' म्हणून बघा. लाल भाकर, रेशनची रांग, आणि हमखास एक वाक्य : 'अमेरिकेत जनावरं खातात ते आम्हाला दिलं.'

इथे संशोधक म्हणून थांबायचं. हे वाक्य खरं की खोटं? वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने मिलो आणि आपली ज्वारी एकाच जातीच्या. तिकडे ती जनावरं खातात हेही खरंच. पण मग अपमान कशाचा वाटला? रंगाचा, चवीचा, पांढऱ्या भाकरीची सवय असलेल्या हाताला ते पीठ परकं वाटण्याचा. आणि सगळ्यात जास्त, निवड नसण्याचा. घरच्या कणगीतली ज्वारी संपली की दुसऱ्याने ठरवलेलं धान्य खावं लागतं, हे दुखणं त्या वाक्यात आहे. 'लोकांचा गैरसमज' असं लिहून तुम्ही पुढे गेलात, तर प्रबंधातला सगळ्यात महत्त्वाचा पुरावा हातचा गेला.

तारखा तपासा

'अमेरिकेने भीक घातली' हे दुसरं वाक्य. याला मात्र तारखा लावून बघाव्या लागतात. पीएल-४८० चं बहुतेक धान्य फुकट नव्हतं. त्याची किंमत रुपयांत अमेरिकेच्या खात्यावर जमा होत होती. ती रक्कम इतकी फुगली की फेब्रुवारी १९७४ मध्ये अमेरिकेने त्यातले १,६६४ कोटी रुपये एका धनादेशाने भारताला परत दिले. डिसेंबर १९७१ मध्ये, बांगलादेश युद्धाच्या वेळी, अमेरिकेने मदत रोखली. त्यामुळे १९७२-७३ मध्ये आलेलं धान्य मुख्यतः विकत घेतलेलं होतं.

म्हणजे १९६६ ची मिलो आणि १९७३ ची मिलो रंगाने एक, पण व्यवहार वेगळे. शिवाय १९७२ चा दुष्काळ सगळ्यात कडक होता तो मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात. तेव्हा बाभुळगावातल्या एखाद्या आजींनी 'बहात्तर साल' म्हटलं, तर हळूच विचारा : तेव्हा तुमचं लग्न झालं होतं का? मोठं लेकरू केवढं होतं? साल चुकतं, लेकराचं वय सहसा चुकत नाही.

अमेरिका शेतातही आली

गोष्ट रेशनवर संपत नाही. १९६४ मध्ये 'सीएसएच-१' ही पहिली संकरित ज्वारी भारतात प्रसारित झाली. तिचं मादी वाण होतं अमेरिकेचं 'कंबाइन कफीर ६०'. कंबाइन म्हणजे तेच कापणी-मळणीचं यंत्र! हा 'हायब्रीड' महाराष्ट्रात पसरवायला जोर लावला तो मुख्यमंत्री वसंतराव नाईकांनी. ते याच यवतमाळ जिल्ह्यातले, पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. परक्या धान्यावरचं अवलंबन संपवायचं, हा त्यामागचा हेतू. उत्पादन वाढलंही. पण ताट बुटकं, कडबा कमी. पीक लवकर तयार होतं, आणि तेव्हा पाऊस असला की दाणा काळा पडतो. काळ्या दाण्याला भाव नाही.

पुढे वऱ्हाडात ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. त्याचीही सुरुवात साठच्या दशकात, इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने जबलपूर आणि पंतनगरच्या कृषी विद्यापीठांत झाली. सोयाबीनचं तेल निघतं आणि पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात जाते. आता पुन्हा मघाचं अमेरिकन गणित आठवा : शेतातलं पीक आणि घरातलं ताट यांची फारकत. 'जनावरांचं धान्य' म्हणून ज्याचा राग आला, त्या व्यवस्थेकडे आपलं शिवारही सरकलं. आणि २०२३ हे भरडधान्य वर्ष साजरं झालं तेव्हा शहरात ज्वारी आरोग्यासाठी म्हणून विकली जात होती.

तुम्ही काय कराल?

तालुक्याच्या पातळीवर पीकपेऱ्याच्या नोंदी असतात, जुने सातबारे असतात. त्यांतून ज्वारी किती उरली ते कळेल. पण लाल भाकर कशी लागत होती, ती आधी कोणाच्या ताटात पडत होती, बायकांच्या वाट्याला काय उरत होतं, हे कोणत्याही दप्तरात नाही. १९६६ मध्ये वीस वर्षांची असलेली बाई आज ऐंशीच्या घरात आहे. ग्रंथालयातली पुस्तकं पुढच्या वर्षीही तिथेच असतील, मुलाखती मात्र याच सुट्टीत करून घ्या.

आणि पुस्तकांवरून एक गोष्ट. पीएल-४८० च्या त्याच रुपयांतून १९६२ पासून अमेरिकन ग्रंथालयांसाठी भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेतली गेली, त्यांत मराठीही होती. एखादं जुनं मराठी पुस्तक इथे मिळालं नाही, तर अमेरिकन विद्यापीठांच्या ग्रंथालयांच्या ऑनलाइन सूचीत जरूर शोधा. धान्याच्या पैशाने ते तिकडे गेलेलं असू शकतं.