तामाचे डोंगर आणि मांगरची बनी

जपानी ॲनिमेशनपटातील निसर्ग म्हटले की डोळ्यांसमोर गूढ, घनदाट अरण्य येते. इसाओ ताकाहाता यांचा ‘पोम पोको’ (१९९४) पाहताना ही कल्पना बाजूला ठेवा. त्यातील डोंगर निर्मनुष्य नाहीत. शेतकरी तेथून सरपण तोडत, पालापाचोळा खतासाठी नेत. तोडलेल्या बुंध्यांना पुन्हा धुमारे फुटत. अशा गावालगतच्या रानाला जपानीत ‘सातोयामा’ म्हणतात. ते कुऱ्हाडीमुळे नष्ट होत नव्हते, उलट तिच्या नियमित वापरानेच टिकून होते.

महायुद्धानंतर टोकियोत घरांची टंचाई होती. १९६५ मध्ये तामा डोंगरांत सुमारे तीन हजार हेक्टरांवर नवे नगर वसवायचे ठरले आणि १९७१ मध्ये पहिले रहिवासी आले. चित्रपटात हा इतिहास तानुकींच्या बाजूने येतो. तानुकी हा कुत्र्याच्या कुळातला प्राणी. लोककथांत तो रूपे पालटतो. ते भुते होऊन मजुरांना पळवतात, तरी बुलडोझर थांबत नाहीत. (हसू येते, पण फार वेळ टिकत नाही.) शेवटी ज्यांना जमते ते माणसाचे रूप घेऊन लोकलने कामाला जाऊ लागतात.

आता दिल्लीकडे या. फरिदाबाद-गुरुग्राम परिसरातील अरवलीत मांगर गावाजवळ ‘मांगर बनी’ आहे. बनी म्हणजे आपल्याकडची देवराईच. येथे धौ या झाडाचे जुने रान आहे. गुदडिया दास बाबांच्या श्रद्धेमुळे भोवतालच्या गावांतील गुर्जर समाज तेथील फांदीही तोडत नाही. तामात वापराने रान टिकले, येथे न वापरण्याने. दोन्हीकडे राखण गावाचीच होती, हे विसरू नका.

म्हणूनच मालकी बदलली की नाते तुटते. मांगरची सामायिक जमीन कालांतराने खासगी नावांवर गेली, बाहेरच्यांनी विकतही घेतली. ज्याने बाबांचे नाव ऐकलेले नाही, त्याला फांदी तोडायची भीती कशी वाटणार? गावकरी आणि पर्यावरण कार्यकर्त्यांच्या पाठपुराव्यानंतर २०१६ मध्ये हरियाणा सरकारने बनीचे सुमारे ६७७ एकर क्षेत्र बांधकामास बंद केले. जे काम पूर्वी श्रद्धा करीत होती, ते आता नकाशावरच्या रेषेकडे आले आहे.

‘पोम पोको’त एक प्रसंग आहे: हरलेले तानुकी उरलीसुरली शक्ती एकवटून जुना गाव, शेते, पायवाटा क्षणभर उभ्या करतात. इमारतींतून धावत बाहेर आलेल्या रहिवाशांमध्ये एका बाईला तेथे आपली आई दिसते.