कासवाची चूक

शनिवारी सकाळी मुलांना रोबॉटिक्सच्या क्लासला सोडायला जाणाऱ्या आई-बाबांपैकी तुम्ही असाल, तर हे तुमच्यासाठी. मंडळाच्या कार्यक्रमात चहा घेताना मला हमखास विचारलं जातं, "याचा पुढे उपयोग काय गं? कॉलेजच्या अर्जात दिसेल ना?" उत्तर द्यायचं तर थोडं मागे जावं लागेल. कारण ज्यांनी हे सुरू केलं, त्यांच्या डोक्यात कॉलेजचा अर्ज नव्हता.

सीमूर पॅपर्ट यांचा जन्म १९२८चा, दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाचा. लहानपणी त्यांना दातेरी चाकांचं वेड होतं. शाळेत पाढे आणि समीकरणं आली तेव्हा ती आपल्याला या चाकांमुळेच समजली, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. गणितज्ञ झाल्यावर १९५८ ते १९६३ या काळात त्यांनी जिनिव्हात ज्याँ पियाजे यांच्याबरोबर काम केलं. मूल ज्ञान आयतं घेत नाही, आपल्या अनुभवातून ते रचतं, हा पियाजेंचा विचार. पॅपर्टनी त्याला जोड दिली: चारजणांना दाखवता येईल अशी वस्तू बनवताना ही रचना अधिक पक्की होते.

१९६७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज इथे वॉली फॉयरझाइग, सिंथिया सॉलोमन आणि पॅपर्ट यांनी मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा तयार केली. काही वर्षांतच तिच्या आज्ञा पाळणारं एक यंत्र जमिनीवर फिरू लागलं. त्याच्या पोटाशी पेन होतं आणि नाव होतं कासव. ब्रिस्टलमध्ये ग्रे वॉल्टर यांनी १९४८-४९ च्या सुमारास प्रकाशाकडे सरकणारी यांत्रिक कासवं बनवली होती, त्यांच्यावरून ते पडलं.

आता घरी हे करून बघा. कासवाला चौकोन काढायला सांगणं सोपं: शंभर पावलं पुढे, नव्वद अंश उजवीकडे, असं चार वेळा. मग मुलाला समभुज त्रिकोण काढायला सांगा. त्रिकोणाचा कोन साठ अंशांचा, म्हणून मूल 'साठ वळ' म्हणतं, आणि कागदावर उमटतो अर्धा षटकोन! पॅपर्ट अशा वेळी उत्तर सांगत नसत. मुलाला म्हणत, तूच कासव हो आणि चालून बघ. चालताना कळतं की वळायचं असतं ते बाहेरच्या कोनातून, एकशेवीस अंशांनी; आणि रेषा स्वतःलाच न छेदणारी कुठलीही आकृती पूर्ण करून मूळ जागी, मूळ दिशेला आलो की एकूण तीनशेसाठ अंश वळून होतात. चुकीवर इथे लाल रेघ पडत नाही. कुठे बिनसलं ते शोधायचा दुवा चुकीतच मिळतो.

हे मी लिहिते आहे खरी, पण गेल्या वर्षी मीच गडबड केली. मी शनिवारी मुलांच्या एका गटाला मदत करते. स्पर्धेच्या आदल्या दिवशी नऊ वर्षांच्या एका मुलीचा रोबो काळ्या रेषेवरून सारखा भरकटत होता. वेळ कमी होता. मी लॅपटॉप ओढला, सेन्सरचा आकडा बदलला, रोबो सरळ धावला. तिने विचारलं, "मावशी, पण तो आधी का चुकत होता?" समजावायला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी सभागृहातला प्रकाश वेगळा, रोबो पुन्हा भरकटला, आणि तिला काय करावं हे कळेना. ती रडली. ती चूक शोधण्याचा हक्क मी तिच्याकडून काढून घेतला होता.

म्हणूनच दुसरी बाजूही ऐका. १९८०च्या दशकात न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजमध्ये रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी लोगो शिकलेल्या मुलांचा अभ्यास केला. त्यातून मुलांची नियोजनाची क्षमता आपोआप वाढल्याचं त्यांना दिसलं नाही. यंत्र समोर ठेवलं की बुद्धी वाढते, असं नाही. सोबतचा मोठा माणूस काय विचारतो आणि कधी गप्प बसतो, यावर बरंच अवलंबून असतं.

आपल्याला हा विचार परका वाटू नये. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. टकळीवर सूत काततानाच मुलांनी गणितही शिकावं, अशी ती योजना. पॅपर्टची वाट वेगळी, पण हात आणि डोकं यांची ताटातूट करू नये, हे दोन्हीकडे सारखंच.

पॅपर्ट यांचं 'माइंडस्टॉर्म्स' हे पुस्तक १९८०चं. लेगोने १९९८ मध्ये रोबोचा संच बाजारात आणला, तो याच नावाने. आज क्लासमध्ये दिसणारे संच त्याच घराण्यातले. मी ज्या शाळेत शिकले तिथे चुकलेलं उत्तर खोडायचं असे. प्रयोग दहादा फसणार आणि तेच काम आहे, हे मला पीएचडी करताना, पंचविशी उलटल्यावर कळलं. तुमच्या मुलांना ते नवव्या वर्षी कळू शकतं.

तेव्हा येत्या शनिवारी क्लासहून परतताना गाडीत "कितवा नंबर आला?" विचारू नका. "आज काय बिघडलं, आणि तुला ते कसं सापडलं?" असं विचारा. आणि उत्तर यायला वेळ लागला, तर थांबा. मीही आता थांबायला शिकते आहे.