मोलेक्स–साटा अडॅप्टर
डेस्कटॉप संगणकाच्या पॉवर सप्लायमधील जुन्या चार पिनांच्या जोडावरून साटा हार्ड डिस्कला किंवा एसएसडीला वीज देणारी आखूड केबल. मोलेक्स जोडात पिवळी तार १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची आणि दोन काळ्या ग्राउंडच्या असतात. साटाच्या १५ पिनांच्या जोडात ३.३ व्होल्टचीही सोय असते. मोलेक्समध्ये ती नसल्याने या अडॅप्टरमधून मिळत नाही. बहुतेक डिस्कचे त्यावाचून अडत नाही. उलट काही नव्या डिस्क तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट आले की सुरूच होत नाहीत. तेथे हाच अडॅप्टर कामी येतो.

निवडताना किमतीआधी घडण पाहावी. तारांवर प्लास्टिक ओतून बनवलेल्या स्वस्त जोडात तारा आत सरकून एकमेकींना भिडण्याचा धोका असतो. मग शॉर्टसर्किट होऊन जोड वितळतो, क्वचित पेटतोही. प्रत्येक तार स्वतंत्र खाचेत दाबून बसवलेला जोड अधिक भरवशाचा. साटा जोडावरून ग्राफिक्स कार्डाला वीज देणारे अडॅप्टर मात्र टाळावेतच. साटाच्या १२ व्होल्टच्या तीन पिनांची एकत्रित क्षमता ४.५ अँपिअर, म्हणजे ५४ वॉट. कार्डाचा सहा पिनांचा जोड ७५ वॉटपर्यंत वीज ओढू शकतो.