ताकद नको, हवा काढ!

मागच्या डिसेंबरात जैसलमेरला हौसेने गाडी वाळूत घातली आणि पन्नास फुटांत रुतवली. ताकद कमी पडतेय असं समजून मी आपला अॅक्सिलरेटर दाबतोय! चाकं जागच्या जागी गरगरली आणि गाडी आणखीच खाली गेली. शेवटी एक जीपवाले काका आले, चाकांपुढची वाळू उपसली आणि काडीने चारही टायरची हवा सोडायला लागले. म्हटलं, संपलं सगळं. पण ३५ पीएसआयवर हटून बसलेली गाडी १८ वर अलगद बाहेर आली!

घरी आल्यावर शोधाशोध केली, तर या युक्तीच्या मुळाशी राल्फ बॅग्नोल्ड हा भन्नाट माणूस सापडला. ब्रिटिश सैन्यातला इंजिनिअर, नेमणूक इजिप्तमध्ये. १९२० च्या दशकात सुट्टी मिळाली की हा मित्रांना घेऊन फोर्डच्या साध्या गाड्यांतून लिबियाच्या वाळवंटात भटकायचा. मऊ वाळूत टायरची हवा कमी करायची पद्धत सुरू करण्याचं श्रेय त्यालाच देतात.

गणित सोपं आहे. एका चाकावर ५०० किलो वजन धरा. ३५ पीएसआयला टायर साधारण २०० चौरस सेंटिमीटर जमिनीवर टेकतो. १८ ला जवळपास दुप्पट. वजन तेवढंच, पण पसरलेलं. मग वाळू खचत नाही. उंट फताड्या पायांनी हेच करतो की!

जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरला आणि या सुट्टीतल्या उद्योगाला एकदम किंमत आली. लिबिया तेव्हा इटलीच्या ताब्यात होता. बॅग्नोल्डने कैरोत 'लाँग रेंज डेझर्ट ग्रुप' उभा केला. त्यांचे शेव्हरोलेट ट्रक वाळूचा समुद्र ओलांडून शत्रूच्या पिछाडीला निघू लागले. जानेवारी १९४१ मध्ये तर थेट मुर्झुकच्या ठाण्यावर छापा! पुढे १९४२ मध्ये अमेरिकेत बनलेल्या 'डक' या पाण्यात-जमिनीवर चालणाऱ्या ट्रकमध्ये ड्रायव्हरला बसल्या जागेवरून हवा कमी-जास्त करायची सोय आली.

एक मात्र विसरू नका. डांबरी रस्त्यावर यायच्या आधी हवा परत भरायची. कमी हवेवर वेगात पळवलं तर टायर तापून फुटतो. काकांनी पैसे घेतले नाहीत, फक्त विचारलं, "पंप आहे ना?"

नव्हता. तोही त्यांनीच दिला.