वाळवंटातली घरची शाळा

दुबई म्हटलं की उंच इमारती आणि सोनं आठवतं. पण इथली शाळा पडद्यावर कशी आली, तो इतिहासही मजेशीर आहे बरं का!

२०१२ साली अमिरातीत सरकारी शाळांसाठी टॅब्लेट आणि 'स्मार्ट' वर्गांचा कार्यक्रम सुरू झाला. २०१८ मध्ये 'मद्रसा' हे संकेतस्थळ आलं. विज्ञान-गणिताचे अरबीतले ५००० व्हिडिओ, सगळं फुकट! म्हणजे यंत्रं होती, धडेही होते. पण इंटरनेटवरून बोलण्यावर निर्बंध. स्काइपवर गावच्या आईशी बोलायचं म्हटलं की आम्हा लोकांची पंचाईत.

मग कोरोना आला. ८ मार्च २०२० पासून शाळा बंद, २२ मार्चपासून घरून अभ्यास. त्याच महिन्यात झूम, टीम्स वगैरेंना सरकारने मुभा दिली. आजी-आजोबांसाठी वर्षानुवर्षं न उघडलेलं कुलूप शाळेसाठी काही दिवसांत उघडलं!

पुढची अडचण मात्र घरातली होती. पहिली-दुसरीतलं पोर पडद्यासमोर बसवायला शेजारी मोठं माणूस लागतं. इथे आई-बाबा दोघं नोकरीत आणि आजी साताऱ्याला. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत तर दोन मुलं आणि एकच फोन.

ऑक्टोबर २०२१ मध्ये दुबईच्या खासगी शाळा पुन्हा पूर्णपणे वर्गात भरल्या. एप्रिल २०२४ च्या विक्रमी पावसात मात्र त्या लगेच घरून सुरू झाल्या. ऑनलाइन शाळा म्हणजे आपल्याकडचा इन्व्हर्टर. लाइट गेली की दिवे-पंखे चालतात, पण पिठाची गिरणी काही त्यावर चालत नाही.